मानवी हक्कांचा कैवारी थॉमस पेन



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आहे, शेजारी महात्मा जोतीराव फुले यांचीही आहे. बुद्ध, कबीर आणि फुले हे बाबासाहेबांचे तीन गुरू, हे लहान पोरही सांगेल. परंतु जोतीरावांच्या हाती ऐन तारुण्यात कोणते पुस्तक पडले आणि ते लिहिणारा कोण, हे आपल्या घरांतून फारसे सांगितले जात नाही. ते पुस्तक राइट्स ऑफ मॅन, म्हणजे मानवाचे हक्क. लिहिणारा थॉमस पेन. त्याचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवीत आहोत. रात्रीची जेवणे झाली की घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने हे मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे.

पेनचा जन्म २९ जानेवारी १७३७ रोजी इंग्लंडमधील थेटफर्ड या लहानशा गावी झाला. बाप बायकांच्या घट्ट चोळ्या शिवीत असे. देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक कामट्या त्या चोळ्यांत शिवून बसवाव्या लागत. काम किचकट, मिळकत बेताची. बाप क्वेकर पंथाचा होता. या पंथात पुरोहित नाही, कोणापुढे टोपी काढणे नाही. आई मात्र राजमान्य चर्चची. थेटफर्डहून पार्लमेंटात दोन सभासद जात, पण ते निवडण्याचा अधिकार गावातल्या मूठभर माणसांना होता आणि ती मूठ एका सरदार घराण्याची होती. चोळ्या शिवणाऱ्याच्या पोराने राज्यकारभाराविषयी मत बाळगावे, हे त्या काळी कोणाच्या मनातही येत नसे.

बाराव्या-तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा बापाच्या हाताखाली बसला. पुढची पंचवीस वर्षे म्हणजे अपयशाची माळच म्हणा. जहाजावर गेला, परत आला. दुकान काढले, ते बुडाले. पहिली बायको बाळंतपणात गेली. अबकारी खात्यात नोकरी मिळाली, ती गेली, पुन्हा मिळाली. त्या नोकरीत वर्षाला ५० पौंड पगार, त्यातच घोडा पाळायचा आणि गावोगाव फिरायचे. १७७२ साली सर्व अबकारी नोकरांच्या वतीने त्याने पार्लमेंटासाठी एक अर्ज लिहून छापला. त्यात त्याने मांडले की पोटभर पगार न देता माणसाकडून इमानदारीची अपेक्षा करणे हा ढोंगीपणा आहे. सरकारने अर्जाकडे पाहिलेही नाही. १७७४ साली त्यालाच कामावरून काढून टाकले. घरातल्या चीजवस्तूंचा लिलाव झाला, दुसऱ्या बायकोशी फारकत झाली. सदतीस वर्षांचा हा माणूस बेंजामिन फ्रँकलिनची ओळखचिठ्ठी खिशात घालून अमेरिकेच्या बोटीत बसला. वाटेत तापाची साथ आली आणि ३० नोव्हेंबर १७७४ रोजी फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर त्याला उचलून उतरवावे लागले.

अमेरिका तेव्हा इंग्लंडच्या राजाच्या ताब्यात होती. करांवरून भांडण पेटलेले होते, पण राजाशी नाते तोडावे असे उघड बोलायला फारच थोडे धजत. १० जानेवारी १७७६ रोजी पेनने कॉमन सेन्स नावाची छोटी पुस्तिका काढली. त्यावर स्वतःचे नावही घातले नाही. भाषा अशी की शेतकऱ्याला, लोहाराला, खलाशाला कळावी. एक माणूस राजाच्या पोटी जन्मला म्हणून त्याने लाखोंवर राज्य करावे, हे कोणत्या न्यायात बसते, असा त्याचा सवाल होता. पुस्तिकेच्या हजारो प्रती खपल्या, दारूच्या गुत्त्यांतून आणि लष्करी छावण्यांतून तिचे वाचन झाले. सहा महिन्यांनी, ४ जुलै १७७६ रोजी, अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले.

जन्मावरून मिळणाऱ्या मोठेपणावर हा पहिला घाव. पण या पुस्तिकेतली एक गोष्ट आपल्याला जशीच्या तशी घेता येत नाही, तेथे थोडे थांबू. पेन समाज आणि सरकार यांत फरक करतो. समाज माणसांच्या गरजांतून निर्माण होतो म्हणून तो चांगला. सरकार माणसांच्या दुर्गुणांमुळे लागते म्हणून ते नाइलाजाचे. इंग्लंडच्या चोळ्या शिवणाऱ्याला हे असेच दिसणार. महारवाड्यात जन्मलेल्याला कसे दिसेल? १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. सरकारने तर मनाई केली नव्हती. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर पाणी प्यालेल्या आपल्या माणसांची डोकी कोणी फोडली? समाजाने. आणि कोर्टात तो हक्क कायम होण्यास १९३७ साल उजाडावे लागले.

म्हणूनच संविधानात काय केले आहे ते पहा. बहुतेक मूलभूत हक्क हे सरकारच्या हाताला घातलेले बंध आहेत. पण पंधराव्या कलमाचा दुसरा भाग आणि सतरावे कलम शेजाऱ्याच्याही हाताला बंध घालतात. दुकान, उपाहारगृह, विहीर, तळे, रस्ता यांपासून कोणी कोणाला अडवू नये आणि अस्पृश्यता कोणत्याही रूपाने पाळू नये. नागरिकाचे स्वातंत्र्य सरकारही हिरावते आणि गावही हिरावते, हे पेनला पुरते दिसले नाही. ते बाबासाहेबांना दिसले.

आता पुन्हा पेनकडे वळू. लढाई सुरू झाल्यावर तो सैन्यात गेला. १७७६ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनचे सैन्य हरत, थंडीत कुडकुडत मागे हटत होते, तेव्हा त्याने लिहिलेला लेख सैनिकांना वाचून दाखविला गेला. कॉमन सेन्सच्या कमाईतला आपला वाटा त्याने सैनिकांच्या हातमोज्यांसाठी देऊन टाकला. पुढे तो पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेचा चिटणीस होता. त्याच सभेने १ मार्च १७८० रोजी गुलामगिरी क्रमाक्रमाने बंद करण्याचा कायदा केला. लढाईनंतर न्यूयॉर्क राज्याने १७८४ साली त्याला न्यू रोशेल येथे एक शेत बक्षीस दिले. हे शेत ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

१७८९ साली फ्रान्समध्ये क्रांती झाली. पेन तेव्हा युरोपात परतला होता. १७९० च्या नोव्हेंबरात एडमंड बर्क नावाच्या नामांकित इंग्लिश मुत्सद्द्याने या क्रांतीविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला. बर्कचे म्हणणे असे की, १६८८ साली पार्लमेंटाने राजघराण्याशी जो करार केला तो पुढच्या सर्व पिढ्यांना बांधतो. वाडवडिलांनी घालून दिलेली घडी नातवंडांनी मोडावयाची नाही. पेनने १७९१ साली त्याला जे उत्तर दिले तेच राइट्स ऑफ मॅन.

वाचकहो, या ग्रंथाचा गाभा नीट समजून घ्या, कारण तो आपल्या कामाचा आहे. पेन म्हणतो, मेलेल्या माणसांना जिवंत माणसांवर राज्य करण्याचा अधिकार नाही. जी पिढी जगते आहे तिचे प्रश्न तीच सोडवील. कबरीतल्या माणसांनी केलेला करार अजून न जन्मलेल्या माणसांवर कसा लादता येईल? त्यावर ना यांची सही, ना यांची संमती. इंग्लंडात हा वाद राजाच्या गादीपुरता होता. आपल्याकडे तर जन्मापूर्वीच माणसाचे पाणी, वाट, विद्या आणि लग्न सारे ठरवून ठेवले होते, आणि ठरविणारे केव्हाच मरून गेले होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, ती याच मेलेल्यांच्या हुकूमनाम्याची होळी.

हा विचार पुढे संविधान सभेतही पोचला. पेनचा स्नेही थॉमस जेफरसन यानेही मांडले होते की प्रत्येक पिढी हे जणू एक वेगळे राष्ट्र आहे आणि एका पिढीने पुढच्या पिढीला बांधून ठेवू नये. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी जेफरसनच्या याच विचाराचा आधार घेतला आणि संविधान दुरुस्त करण्याची वाट मोकळी का ठेवली ते समजावून सांगितले. आपला ग्रंथ कोणी पोथी करून पूजेत ठेवावा, ही त्यांची इच्छा नव्हती.

पेनचा दुसरा मुद्दा सरकार आणि संविधान यांच्या नात्याचा. संविधान सरकार करीत नाही. लोक संविधान करतात आणि त्यातून सरकार उभे करतात. म्हणजे संविधान आधी, सरकार नंतर. मग सरकार लोकांना हक्क देते हे बोलणेच उलटे. माणूस हक्क घेऊनच जन्मतो. त्यांतले जे एकट्याच्या बळावर सांभाळता येत नाहीत, त्यांच्या रखवालीसाठी तो सरकार नेमतो. रखवालदाराने मालकाला घरात राहण्याची परवानगी देऊ नये. तहसील कचेरीत दाखल्यासाठी रांगेत उभे राहताना मान खाली घालणारी आपली वडीलधारी माणसे पाहिली की हे पेनचे वाक्य न् वाक्य त्यांना वाचून दाखवावेसे वाटते.

तिसरा मुद्दा सदसद्विवेकबुद्धीचा, आणि धम्म स्वीकारलेल्या घराला तो सर्वांत जवळचा. धर्मसहिष्णुता म्हणजे मोठी उदार गोष्ट, असे त्या काळचे सुधारक मानीत. पेनला तेही पसंत नव्हते. एक सरकार म्हणते, तुला तुझ्या मनाप्रमाणे धर्म पाळू देणार नाही. दुसरे म्हणते, जा, पाळू दिला. पेनच्या मते दोघेही एकाच माळेचे मणी, कारण परवानगी देणारा ती नाकारण्याचा अधिकारही स्वतःकडे ठेवतो. माणसाच्या मनाचा व्यवहार सरकारच्या दप्तरात येतोच कसा?

हा प्रश्न जुना झाला आहे असे समजू नका. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतलेल्यांची जात गावाने विसरली नाही, पण केंद्र सरकारच्या लेखी ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत. महाराष्ट्राने १९६० साली आपल्यापुरत्या सवलती दिल्या, केंद्राने कायदा बदलला तो १९९० साली. मधली चौतीस वर्षे आपल्या माणसांनी स्वतःच्या बुद्धीने धर्म निवडल्याची किंमत मोजली. गुजरातमध्ये २००३ साली झालेल्या कायद्यात धर्मांतरासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घालण्यात आली. एप्रिल २०२४ मध्ये तेथील गृहखात्याने परिपत्रक काढून हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात जाणाऱ्यांनाही ती परवानगी लागेल असे कळविले. संविधानाचे पंचविसावे कलम हाताशी घेऊन पेनचा सवाल पुन्हा विचारून पहा.

राइट्स ऑफ मॅनचा दुसरा भाग १७९२ च्या फेब्रुवारीत निघाला. त्यात पेनने राजाच्या दरबारावर आणि लढायांवर उधळल्या जाणाऱ्या कराचा हिशेब मांडला. त्या पैशातून गरीब घरातल्या चौदा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे वर्षाला ४ पौंड द्यावेत आणि आईबापांनी ते मूल शाळेत घालावे. पन्नाशी ओलांडलेल्या गरजूला वर्षाला ६ पौंड आणि साठीनंतर १० पौंड द्यावेत. आणि हे दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा हा हिशेब आहे. भुकेल्या माणसाचे स्वातंत्र्य हे कागदावरचे स्वातंत्र्य, हे अबकारी नोकराला अनुभवाने कळले होते.

सरकारला भीती वाटली ती पुस्तकाच्या विचारांपेक्षाही त्याच्या किमतीची. महाग पुस्तक चार श्रीमंत वाचतात. स्वस्त आवृत्ती निघाली आणि विणकर, चांभार, खाणकामगार ती वाचू लागले, तेव्हा मे १७९२ मध्ये राजाचा जाहीरनामा निघाला आणि पेनवर राजद्रोहाचा खटला भरला. खटला उभा राहण्यापूर्वीच तो फ्रान्सला गेला होता. १८ डिसेंबर १७९२ रोजी त्याच्या पाठीमागे सुनावणी झाली. थॉमस अर्स्किन या वकिलाने बचाव केला, त्यापायी त्याला युवराजाकडील आपली वकिली गमवावी लागली. सरकारी वकील उत्तराला उठतो तोच ज्यूरीने सांगितले की गरज नाही, आरोपी दोषी आहे. गावोगाव पेनचे पुतळे जाळले गेले. स्कॉटलंडमध्ये थॉमस म्यूर या तरुण वकिलाला १७९३ साली चौदा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्याच्यावरील आरोपांत पेनचे पुस्तक लोकांना वाचायला सांगितल्याचाही आरोप होता.

फ्रान्सने पेनला नागरिकत्व दिले, लोकांनी आपल्या सभेत निवडूनही दिले. त्याला फ्रेंच धड बोलता येत नव्हते. जन्मभर राजेशाहीशी भांडलेला हा माणूस तेथे राजाचाच जीव वाचवायला उभा राहिला. राजेशाही जावी, पण लुई नावाच्या माणसाला मारू नये, कैदेत ठेवावे आणि मग देशाबाहेर घालवावे, असे त्याचे मत. १९ जानेवारी १७९३ रोजी त्याचे भाषण दुसऱ्याने भाषांतर करून वाचले आणि तो शेजारी मुकाट उभा राहिला. मारा या पुढाऱ्याने मध्येच ओरडून अडथळा आणला. दोन दिवसांनी राजाचे शिर उडविले. सत्तेवर राजा असो की क्रांतिकारक, माणसाच्या जिवावर तिला मोकळा हात देऊ नये, हे पेन म्हणाला आणि त्याची नोंद झाली.

२८ डिसेंबर १७९३ रोजी त्याला पकडून लक्झेंबर्ग तुरुंगात टाकले. फ्रान्सच्या लेखी तो परका ठरला होता आणि अमेरिकेच्या वकिलाने तो आमचा नागरिक आहे असे ठासून सांगितले नाही. पेनने स्वतः सांगितलेली हकीकत अशी की, दुसऱ्या दिवशी गिलोटीनवर चढवायच्या कैद्यांच्या दारावर खूण करीत. त्याचे दार उघडे, भिंतीला टेकलेले होते, म्हणून खूण आतल्या बाजूला पडली. रात्री दार लागले, खूण आत गेली आणि मृत्यू पुढच्या खोलीकडे गेला. नवा अमेरिकन वकील जेम्स मन्रो याने तो अमेरिकन नागरिक असल्याचे सांगितले, तेव्हा ४ नोव्हेंबर १७९४ रोजी तो सुटला.

त्याच सुमारास त्याचा एज ऑफ रीझन हा ग्रंथ निघाला. पोथी ईश्वराने सांगितली या समजुतीची त्याने चिरफाड केली. पेन मात्र एक ईश्वर मानीत होता, त्याला उगाच आपल्या रांगेत बसविण्याचे कारण नाही. तुरुंगातून बाहेर आल्यावर १७९५ साली त्याने आणखी एक मोठी गोष्ट केली. फ्रान्सच्या नव्या संविधानात कर भरणाऱ्यांनाच मत ठेवले होते. पेनने सभेत त्याला विरोध केला. मत हा असा हक्क आहे की बाकीचे सारे हक्क त्याच्या आडोशाने टिकतात आणि तो काढून घेणे म्हणजे माणसाला दुसऱ्याच्या मर्जीवर सोडणे, असे त्याने लिहून ठेवले. त्याचे कोणी ऐकले नाही. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे प्रतिनिधित्वाचा हक्क हा नागरिकत्वाचा कणा मानला आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. त्यांना कोणत्या परंपरेशी नाते जोडावे लागले, ते यावरून समजेल.

१८०२ साली पेन अमेरिकेला परतला. ज्या देशासाठी लढला तेथे आता त्याला धर्मबुडव्या म्हणत. १८०६ साली न्यू रोशेलला, ज्या गावी राज्याने त्याला शेत बक्षीस दिले त्याच गावी, तो मत द्यायला गेला. निवडणूक अधिकाऱ्याने मत घेतले नाही. तो अमेरिकन नागरिक नाही, असे कारण सांगितले. अमेरिकेला स्वातंत्र्य मागायला शिकविणारा एकोणसत्तर वर्षांचा म्हातारा कोर्टात गेला. न्याय मिळाला नाही.

८ जून १८०९ रोजी न्यूयॉर्कला तो वारला. क्वेकरांनी आपल्या दफनभूमीत जागा नाकारली, तेव्हा त्याच शेतात पुरले. अंत्ययात्रेला पाच-सहा माणसे होती. त्यांत दोघे काळे होते असे सांगतात. १८१९ साली विल्यम कॉबेट या इंग्लिश पत्रकाराने स्मारक बांधण्यासाठी त्याची हाडे उकरून इंग्लंडला नेली. स्मारक झाले नाही, हाडेही हरवली.

पुस्तके मात्र हरवू दिली नाहीत. लंडनचा रिचर्ड कार्लाइल १८१९ साली एज ऑफ रीझन छापल्याबद्दल तुरुंगात गेला, तेव्हा त्याची बायको जेन दुकान चालवू लागली. ती तुरुंगात गेली, बहीण मेरी अ‍ॅन गल्ल्यावर बसली. तीही गेली, मग दुकानातले नोकर आणि गावोगावचे स्वयंसेवक एकामागून एक येऊन उभे राहिले. त्यांतले कित्येक मजूर होते.

अशा रीतीने जिवंत राहिलेल्या पेनचा ग्रंथ १८४७ च्या सुमारास पुण्यात, स्कॉटिश मिशनच्या शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका वीस वर्षांच्या माळ्याच्या मुलाने वाचला. पुढच्याच वर्षी, १८४८ साली, त्याने भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. परवानगी कोणाची मागितली नाही.